भुजंगने परत आणलेली काठी

माझी बायको सुमन नांदेडच्या दवाखान्यात वारल्याचा निरोप आला, तेव्हा मी मुरुडला लेथवर बिलियर्डच्या काठ्या कातत होतो. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. तिथल्या नव्या क्लबाने सहा काठ्या सांगितल्या होत्या. विकण्याआधी माप घ्यायचं काम सुमनचं. दहावं-तेरावं उरकल्यावर मीच प्रत्येक टोक मोजलं, बारा मिलिमीटर भरलं, आणि काठ्या दिल्या.

महिन्याने क्लबचा भुजंग एक काठी घेऊन आला.

"साहेबराव, टोक गोल न्हाई. चेंडू वाकडा जायलाय."

"तुम्हीच घासलं असंल."

"घासायला मी काय सुतार हाय? मोजा की!"

बारा भरलं. त्याच्या खिशात पॉलिश पेपर दिसतो का, ते मी बघत होतो. त्याने काठी जराशी फिरवली.

"आता मोजा."

साडेअकरा.

त्या वर्षीच्या दुष्काळात लाकूड एका अंगाने आखडलं होतं. सुमन प्रत्येक टोक फिरवून दोनदा मोजायची. मी एकदाच मोजलं होतं.

भुजंग काठी माझ्याकडे ठेवून गेला. बाकीच्या पाच काठ्या अजून क्लबातच आहेत, आणि मी त्याची माफी मागितलेली नाही.