जुनं हार्डवेअर

शंकरप्पांनी टीपॉयवरचा खोका उचलला, पायानंच जाळीचं दार ढकललं आणि अंगणात चपलांच्या शेजारी नेऊन आदळला.

"अहो अप्पा, नाजूक असतं ते!" मनस्विनी पिठाच्या हातांनीच स्वयंपाकघरातून धावत आली.

"नाजूक हाय तर नांदेडला न्हेऊन ठेव. तुझ्या भावाच्या घरी."

नांदेड हे मनस्विनीचं, त्यांच्या सुनेचं, माहेर. आठवडाभर या घरात नांदेडचं नाव शिवी हासडल्यासारखं घेतलं जात होतं, आणि का, ते तिला काही केल्या कळत नव्हतं. सासऱ्यांनी तिच्या हातचा चहा सोडला होता. ती समोर आली की विभूतीच्या पट्ट्यांसकट त्यांचं कपाळ भिंतीकडे वळायचं. ही पण काही कमी नाही. रोज मुद्दाम कप त्यांच्या पुढ्यात आदळायची आणि गार झाला की त्यांच्या देखत मोरीत ओतायची. सुंभ जळला तरी पीळ न जाणारी दोन माणसं एका छपराखाली आली की आणखी काय होणार!

खोक्यात होता टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर. खुब्याच्या ऑपरेशनपासून सासूबाईंचा, नागम्मांचा, पलंग हॉलमध्येच होता, आणि त्यांचा सगळा दिवस टीव्हीवरच जायचा. मनस्विनीनं घरातल्याच एका जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून तो टीव्हीला जोडून दिला होता. पण त्याचा पंखा गिरणीसारखा घरघरायचा, चित्र मध्येच अडकायचं, आणि रिमोट त्याला ओळखीचाच नव्हता. म्हणून तिनं भावाशी, अंबरीशशी, फोनवर तासन्‌तास खल करून हा नवा निवडला होता. पंखा नाही म्हणजे आवाज नाही. चित्राची चिप लिनक्सशी भांडण न करणारी. रिमोट पलंगावरूनच चालणारा. लग्न होऊन आल्यापासून या हॉलमधली एकही वस्तू तिनं निवडलेली नव्हती. ही पहिली.

तिचा नवरा महांतेश दुपारी जेवायला आला तो खोका काखेत घेऊनच.

"ह्ये बाहेर कोणी ठेवलं?"

"मी. त्यो आत ऱ्हाणार आसंल तर मी बाहेर जातो," शंकरप्पा म्हणाले.

"अप्पा, एका डब्यावरून काय लावलंय?"

"डब्याचं न्हाई! मी अजून बहिरा झालो न्हाई." त्यांनी सुनेकडे बोट केलं. आठवडाभराचं तुंबलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "देवघरात बसलो होतो मी. ही गॅलरीत भावाला सांगून राहिली, जुन्या हार्डवेअरमध्ये आता दम राहिला नाही. काढून टाकायचं. नवं मी निवडते. महांतेशला पटवलंय, म्हणली! शून्यातून उभं केलंय मी ते हार्डवेअर. खिळ्यांच्या पोत्यावर झोपलोय. आन्‌ ही कालची पोरगी काढून टाकणार?"

गंजगोलाईच्या बाजारातल्या त्यांच्या खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानाला या घरात कोणी दुकान म्हणत नसे. हार्डवेअरच म्हणत. अप्पा हार्डवेअरला गेलेत, डबा हार्डवेअरला पाठवा.

मनस्विनीला खरं तर हसू यायला हवं होतं, पण आला तो संताप.

"ह्याच्यासाठी? आठवडाभर ह्याच्यासाठी?" तिचा आवाज चिरकला. "अहो, कॉम्प्युटरच्या सामानाला हार्डवेअर म्हणतात! जगात सगळे म्हणतात!"

"मग लगेच तापतं, लई आवाज करतं, हॉलची जागा अडवून बसलंय, ह्ये कोणाला म्हणलीस?"

"कॉम्प्युटरला!"

पलंगावरून नागम्मा खुदकन हसल्या. "तुमालाबी लागू हाय की ते."

माफी मागणं शंकरप्पांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी महांतेशच्या काखेतला खोका घेतला, स्वतःच फोडला आणि आतला काळा डबा उलटापालटा करून बघितला.

"पंखा न्हाई म्हणतीस. लातूरच्या उन्हाळ्यात माणूस पंख्याबिगर जगत न्हाई, ह्ये कसं जगंल?"

"वरचा पत्राच उष्णता बाहेर टाकतो," ती तुटकपणे म्हणाली. "आणि निदान विचारायचं तरी एकदा मला."

ते त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पत्र्याच्या खाचांवरून अंगठा फिरवला, नखानं टकटक केली, दुकानात बिजागरीला करतात तशी. "पत्रा बरा हाय," म्हणाले, आणि डबा टीव्हीखाली नीट मधोमध ठेवला. छाती जरा पुढे आली त्यांची. "सांग तुझ्या भावाला, आमचं हार्डवेअर टणक हाय म्हणावं. महांतेश, बस जेवायला. गडी व्यंकटी एकटाच हाय हार्डवेअरच्या गल्ल्यावर."

महांतेश बसला नाही. एवढ्या वेळात तो एकदाही हसला नव्हता, हे मनस्विनीच्या आत्ता ध्यानात आलं.

"अप्पा, हार्डवेअर वाढवू या."

"आत्ता?" शंकरप्पांनी घड्याळाकडे बघितलं. "भर दुपारी कोण शटर ओढतं? गिऱ्हाइकाची वेळ हाय."

"आत्ता न्हाई. कायमचं."

नागम्मांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली.

"ही कधी म्हणली न्हाई," महांतेश जमिनीकडे बघत म्हणाला. "हिला ठाऊकबी न्हाई. माझं मन न्हाई त्यात, अप्पा. कधीच नव्हतं. ह्ये माझं मीच सांगून राहिलो."

मनस्विनीनं नवऱ्याकडे बघितलं. हे तिलाही नवं होतं, आणि त्यानं ते आधी तिला सांगितलं नाही याचा राग तिच्या तोंडावर लख्ख दिसत होता.

शंकरप्पा मुलाकडे वळलेच नाहीत. आठवड्यात पहिल्यांदा त्यांनी सुनेच्या डोळ्यांत बघितलं.

"पोरी," ते हळू आवाजात म्हणाले, "ह्यो तुझ्याच हार्डवेअरबद्दल बोलून राहिला ना?"