थोरल्या जावयाचा नंबर

धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीला गेलेल्या जावयाला देवासारखं पुजतात. अडचण एवढीच की देव एकटा असला तर बरा. शेजारी दुसरा बसवला की पहिल्याचं नैवेद्यावरचं लक्ष उडतं आणि ते शेजारच्या पाटाकडं लागतं. केजच्या सिद्धारामचं नेमकं हेच झालं होतं.

सिद्धाराम हा युसूफ वडगावच्या मन्मथप्पांचा थोरला जावई. केजला एका कापडदुकानाच्या माडीवर त्याचा कॉम्प्युटर क्लास होता, बरा चालायचा. मन्मथप्पा गावातले आडते आणि शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. नव्व्याण्णवच्या त्या उन्हाळ्यात त्यांनी शाळेत कॉम्प्युटरचा वर्ग काढायचं मनावर घेतलं, आणि मशिनी मांडायचं काम साहजिकच थोरल्या जावयाकडं आलं. वर्ग पुढं कायमचा चालवायला कुणाकडं द्यायचा, हे मात्र उद्घाटनाच्या दिवशी धोंड्याच्या पंगतीत सांगू, असं म्हणून मामांनी राखून ठेवलं होतं. तो आपल्यालाच मिळणार याची सिद्धारामला खात्री होती. दारावरच्या पाटीवर आपलं नाव कुठल्या रंगात घालायचं तेसुद्धा त्यानं ठरवून टाकलं होतं.

आदल्या संध्याकाळी पुण्याहून योगीराज आला आणि ती खात्री डळमळली.

योगीराज म्हणजे धाकटा जावई, सिद्धारामचा साडू. पुण्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करायचा. अंगानं उंच, बोलायला मऊ, कपड्यांना इस्त्री. एवढ्यावर भागलं असतं तर सिद्धारामनं सोसलं असतं. पण हा पठ्ठ्या पांढरी मोटार घेऊन आला आणि मोटारीच्या मागच्या सीटवर, चादरीत गुंडाळून, शाळेला भेट म्हणून एक अख्खा कॉम्प्युटर घेऊन आला! सासुरवाडीला जाताना जावयानं काही न्यायचं असतं का? या महिन्यात तर जावयानं नुसतं घ्यायचं असतं. सिद्धाराम रात्रीपुरता केजला गेलेला असताना योगीराजनं ते मशीन वर्गात नेऊन मांडलं, जोडलं, चालू करून दिलं. सकाळी सिद्धाराम परत आला तेव्हा सासूबाई, चंद्रभागाबाई, दारातच भेटल्या आणि म्हणाल्या, "बघा तरी, धाकट्यांनी किती मोठी वस्तू आणली. राती बंदबी करू दिली न्हाई आमच्या ह्यांनी. उद्घाटनाच्या सायबाला चालू दिसावी म्हणले."

सिद्धाराम "हो का?" म्हणाला आणि हसला.

वर्गात गेला तर कोपऱ्यातल्या टेबलावर ती वस्तू बसलेली. सासूबाईंनी तिच्यावर भरतकामाचा रुमाल घातला होता, वर झेंडूचा हार. पाहुण्याच्या वस्तूवर धूळ बसू नये म्हणून घरात असंच करतात, रेडिओपासून टीव्हीपर्यंत सगळ्यांवर केलेलं होतं. सिद्धारामनं इतके दिवस राबून मांडलेल्या मशिनींवर मात्र कुणी साधा फडकाही टाकला नव्हता. त्यानं कोपऱ्याकडं पाठ केली ती केलीच.

बीडहून साहेब अकराला येणार होते. त्यांनी एक बटण दाबायचं, की सगळ्या मशिनींवर शाळेचं नाव आणि महादेवाची पिंड एकदम उमटायची, असा बेत होता. चित्र होतं सर्व्हरवर. सर्व्हर म्हणजे मुख्य मशीन, आणि त्यावर सिद्धारामनं लिनक्स नावाची प्रणाली चढवली होती. मासिकासोबत फुकट आलेल्या सीडीवरून, स्वतः वाचून, रात्री जागून. प्रत्येक मशीनला एक क्रमांक द्यावा लागतो, त्यावरून बाकीची मशिनी त्याला हाक मारतात. सर्व्हरला त्यानं पहिलाच, म्हणजे एक नंबर दिला होता. दुसरा कुठला देणार? थोरला तो थोरलाच.

सर्व्हर चालू केला. सगळं ठीक वाटलं. मग शेजारच्या मशीनवरून त्यानं सर्व्हरला हाक मारून पाहिली. दोनदा उत्तर आलं, मग गप्प. पुन्हा एकदा आलं, पुन्हा गप्प. चित्र तर उमटेचना.

"कार्ड गेलं," सिद्धाराम पुटपुटला. मशिनीतलं नेटवर्क कार्ड, ज्याच्यातून ती दुसऱ्या मशिनींशी बोलते, त्याच्यावर त्याचा पहिला संशय गेला. त्यानं लिनक्सला विचारलं. लिनक्स म्हणालं, कार्ड दिसतंय, चालू आहे, चूक एकही नाही. सर्व्हरनं स्वतःलाच हाक मारली तर उत्तर चोख. मग त्यानं मशीन उघडलं, कार्ड काढून खोडरबरानं त्याचे पितळी दात घासले, दुसऱ्या खाचेत बसवलं. तरी तेच. आवाजाच्या कार्डाशी भांडण होत असेल म्हणून ते उपटून काढलं. तरी तेच. केजहून आणलेलं नवं कोरं कार्ड घातलं, केबल बदलली, सगळ्या केबली जोडणारा, चटका बसेल इतका तापलेला हब फुंकून पाहिला. घामानं शर्ट पाठीला चिकटला, आणि बाहेर मंडपात सतरंज्या टाकल्याचा आवाज येऊ लागला.

इतक्यात दारात योगीराज. हातात सरबताचा पेला. "साडूभाऊ, काही अडलंय का? मी बघू?"

"न्हाई, काही न्हाई. तुमी बसा तिकडं, पाहुणे तुमी," सिद्धाराम म्हणाला. याला हात लावू दिला तर उद्या गावभर होईल, की पुण्याच्या जावयानं चालू करून दिलं. मेलो तरी चालेल, पण हे नको. योगीराज क्षणभर दारात घुटमळला, कोपऱ्यातल्या आपल्या मशीनकडं त्यानं पाहिलं आणि सरबत टेबलावर ठेवून निघून गेला. सिद्धारामनं ते सरबतही प्यायलं नाही.

मग त्याच्या मनात तो विचार आला, जो मघापासून यायलाच टपला होता. यानंच काहीतरी केलं असणार! काल आपण नसताना हा इथं एकटा होता. वर्ग याला हवाय. आपली फजिती व्हावी म्हणून याचं चाललंय. विचार आला आणि सिद्धारामला जरा बरंसुद्धा वाटलं. राग धरायला आता कारण मिळालं होतं.

पण रागानं मशीन चालत नाही. शेवटी त्यानं शेजारच्या मशीनला उलट विचारलं: तू ज्याला एक नंबर म्हणून हाक मारतेस, तो आहे तरी कोण? प्रत्येक कार्डाला कारखान्यातूनच एक लांबलचक आकडा मिळालेला असतो, तो कुणाला बदलायचा नसतो. मशीननं आकडा दाखवला. सिद्धारामनं सर्व्हरच्या नव्या कार्डावरची चिठ्ठी पाहिली. आकडा तो नव्हता. जुन्या कार्डावरचाही नव्हता.

हजेरी घेताना एका नावाला दोन पोरांनी 'हजर' म्हणावं, तसं चाललं होतं. एक नंबर म्हटलं की दोघं ओ देत होते, आणि आधी ज्याची ओ पोचेल त्याच्याकडं हाक जात होती.

सिद्धारामनं मान वळवली. कोपऱ्यात जाऊन त्यानं हार बाजूला केला आणि रुमाल उचलला. पडद्यावर मधोमध चौकट उभी होती: हा क्रमांक दुसरं कुणीतरी वापरतंय. मशीन सकाळपासून ओरडून सांगत होतं, आणि सासूबाईंच्या रुमालाखाली ते कुणाला दिसलं नव्हतं. सकाळी आल्या आल्या त्यानं नुसता रुमाल वर केला असता, तर एवढी सोलवटून निघायची पाळी आली नसती. पण त्यासाठी साडूच्या वस्तूकडं बघावं लागलं असतं.

"ह्याला एक नंबर कुणी दिला?" तो दारात परत आलेल्या योगीराजवर खेकसला.

योगीराज चपापला. जवळ आला, चौकट वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला. "कंपनीत ह्याचाच नंबर एक होता. बदलायचं डोक्यातच आलं न्हाई, साडूभाऊ. डोकंच ठिकाणावर न्हाई माझं." मग दाराकडं बघून तो हळू आवाजात म्हणाला, "कंपनी बंद पडली. होळीपासून घरी बसलोय. निघताना हे मशीन पदरात पडलं, ते इथं घेऊन आलो. मोटार मित्राची हाय. बायकोलासुद्धा सांगितलं न्हाई अजून. मनात होतं, ह्या वर्गावर काही काम मिळालं तर मामांना विचारावं. पण तोंडच उघडत न्हाई. तुमी कुणाला बोलू नका."

सिद्धारामला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, अगदी मनापासून झाला. त्या पांढऱ्या मोटारीनं कालपासून त्याच्या छातीवर जे चाक ठेवलं होतं ते एकदम उचललं गेलं. "छे, मी कशाला कुणाला बोलतो?" तो म्हणाला, आणि योगीराजच्या मशीनला त्यानं सगळ्यात शेवटचा नंबर दिला. दोन नंबर रिकामा होता, तरी शेवटचा दिला.

साहेब आले, बटण दाबलं, सगळीकडं पिंड उमटली, टाळ्या पडल्या. मन्मथप्पांनी चारचौघांत सिद्धारामच्या पाठीवर थाप मारली.

दुपारी माजघरात पंगत बसली. दोन पाट, भोवती रांगोळी, ताटात पुरणाचे धोंडे आणि अनारसे. घरातल्या एकुलत्या टेबलफॅनचं तोंड थोरल्याकडं. सिद्धारामची बायको शिवकांता आणि तिची धाकटी बहीण, योगीराजची बायको रुचिका वाढत होत्या. मन्मथप्पा घसा खाकरून म्हणाले, "आज थोरल्या जावयानं इज्जत राखली. तवा वर्गाचं मी असं ठरवलंय..."

इथं सिद्धारामनं गप्प बसायचं होतं. पुढचं वाक्य त्याच्याच नावाचं होतं. पण चंद्रभागाबाई तेवढ्यात तुपाची वाटी घेऊन आल्या आणि योगीराजच्या धोंड्यावर तूप ओतत म्हणाल्या, "मशीन देणाऱ्याचंबी कौतुक करा की. असा दिलदार जावई नशिबानं भेटतो." आणि ओतताना धार जरा जास्तच लांबली.

सिद्धारामची जीभ सुटली. "दिलदार हाय खरा," आवाजात जमेल तेवढी कीव आणून तो म्हणाला. "स्वतःची नोकरी गेली, होळीपासून घरी बसलाय बिचारा, तरी भेट आणली. मोटारसुद्धा दुसऱ्याची."

रुचिकाच्या हातातली पळी ताटावर आपटली. योगीराजनं मान खाली घातली. सिद्धाराम वाट बघत राहिला, आता याची किंमत उतरेल म्हणून.

चंद्रभागाबाईंनी वाटी खाली ठेवली आणि डोळ्यांना पदर लावला. "अगं माय! आन् एवढं मनात ठेवून लेकरू हसतंय व्हय!" उठल्या, टेबलफॅन उचलला आणि त्याचं तोंड धाकट्याकडं केलं. उरलेलं तूप सगळं त्याच्याच ताटात गेलं. सिद्धारामला घाम फुटला. लोकांनी साडूच्या सुखावर जळावं. हा त्याच्या दुःखावरसुद्धा जळत बसला होता.

मन्मथप्पा थोरल्याकडं वळून म्हणाले, "मी वर्ग थोरल्यांना देणार होतो. पण तुमचं केजला बरं चाललंय. हा धाकट्याला देऊ. तुमी मोठे, मधूनमधून येऊन बघत जा. तुमच्याच मनात हे असणार, न्हाई तर भर पंगतीत कशापायी सांगितलं असतं? लई मोठं मन हाय तुमचं."

"व्हय," सिद्धाराम म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

योगीराजनं वर पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. "साडूभाऊ, मला हिंमत होत न्हवती. तुमी माझ्यासाठी तोंड उघडलंत. जन्मभर विसरणार न्हाई."

सिद्धारामनं अनारसा तोडला. तो कोरडाच चावावा लागला. सगळे त्याच्याकडं इतक्या कौतुकानं बघत होते की पाणी मागायचीही सोय नव्हती.

पाणी शिवकांतानंच आणलं. तांब्या ठेवताना ती त्याच्या कानाशी वाकली. "मला मालूम हाय तुमी कशापायी बोललात," ती म्हणाली. "आता गप जेवा."