जास्वंद वर चढत गेली

मी भरपेठेतला जुना टॉवर बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, आता रिकामा झालोय, म्हणून माझा आवाज मला ऐकू येतो, इतकंच.

जन्मलो तेव्हा आसपास माझ्या कमरेला लागेल असं कुणी नव्हतं. गवंडी हात धुऊन गेले, मग टेबलं आली, पंखे आले, मागोमाग माणसं आली. माणसांचं एक पाहिलं. जन्मभर एकाच जिन्यानं चढतात-उतरतात, पण आपल्या डोक्यावर कोण बसतं, हे कधी विचारत नाहीत.

माझ्या खिडक्या सगळ्या उगवतीला. पाठीकडे नुसते जिने आणि नळ. दुसऱ्या मजल्यावरच्या टायपिस्टबाईंनी आपल्या खिडकीत जास्वंदीची कुंडी आणून ठेवली. घरी एकच खोली, तीही आतल्या अंगाला; तिथे ऊन म्हणून येत नसे. शेजारच्या टेबलावर हिशेबनीस. त्यांना टोमणा मारल्याशिवाय चैन पडायचं नाही.

"बाई, हिला हजेरीपटावर घ्या. तुमच्याआधी हीच हजर असते."

बाई हसायच्या आणि पेल्यात उरलेलं पाणी कुंडीत ओतायच्या.

बाई निवृत्त झाल्या. घरच्या अंधारात झाड तगायचं नाही, म्हणून कुंडी मागेच राहिली. हिशेबनिसांना एवढंच म्हणाल्या, "भाऊ, हिला उन्हात ठेवा." ते हो म्हणाले. थट्टेखोर माणूस एकदा खरोखर हो म्हणाला की अडकतो.

पुढे रस्त्यापलीकडे नवा टॉवर उठू लागला. त्याची सावली दुसऱ्या मजल्यावर आली आणि कळ्या गळू लागल्या. हिशेबनीस कुंडी कडेवर घेऊन तिसऱ्यावर गेले. तिथल्या विमावाल्यांशी आजवर शब्दही बोलले नव्हते. आता तोंड उघडणं भाग पडलं. समोर मजला चढला की इकडे कुंडी चढायची. वकिलांकडे राहिली, नकाशे काढणाऱ्यांकडे राहिली. जिन्यात लोक विचारायचे, "काय, यंदाही पास होऊन वरच्या वर्गात का?" खालच्या मजल्यांवरची माणसंही फूल बघायच्या निमित्तानं वर यायला लागली. लिफ्टमध्ये बोलणं सुरू झालं.

शेवटी मोठ्या साहेबांचा मजला उरला. सगळ्यात चांगलं ऊन तिथे, आणि पडदे कायम ओढलेले. साहेब म्हणाले, ठेवा. हिशेबनीस तिथेच घुटमळले.

"पडदा उघडावा लागेल, साहेब."

साहेबांनी उठून स्वतः उघडला. बराच वेळ खाली रस्त्याकडे बघत राहिले.

मग समोरचा माझ्याही डोक्यावरून गेला आणि कुंडी गच्चीवर, माथ्यावरच्या उन्हात आली. तोवर माझी गात्रं थकली होती. नळ गळायचे, लिफ्ट मध्येच अडून बसायची. एकेक कचेरी रस्ता ओलांडून समोर गेली. हिशेबनिसांचीही गेली, तिकडेही दुसऱ्याच मजल्यावर. पाणी घालायला मात्र ते माझे जिने चढून यायचे, धापा टाकत.

मला पाडायचं ठरलं. काल हिशेबनीस कुंडी घेऊन खाली उतरले. फाटकाशी बाई काठी टेकून उभ्या होत्या. पान अन् पान चाचपून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आता कुठे नेता?"

"समोर. माझ्या टेबलाशी."

"दुसऱ्या मजल्यावर? अहो, तिथे कुठलं ऊन?"

हिशेबनिसांनी माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली.

"येईल आता, बाई. दुपारचं."

बाईंना उमगलं. त्यांनी माझ्या भिंतीवर हात ठेवला. मग आजाऱ्यासमोर विषय बदलतात तसं दोघंही कळ्यांविषयी बोलू लागली.

खरंच आहे ते. दुपार कलली की माझी सावली समोरच्याच्या खालच्या मजल्यांवर पडते. ती आता उठेल. जाताना मागे ऊन ठेवून जायला मिळतंय, हे काही वाईट नाही.

घण घेऊन येणाऱ्या बाबांनो, एकच मागणं. पाणी मारत मारत पाडा. समोर दुसऱ्या मजल्यावर एक खिडकी आहे, तिच्या काचेवर माझी धूळ बसू देऊ नका.