पुरुषोत्तमचा पायगुण

तिसरा क्वार्टर संपल्याचा भोंगा वाजला आणि पुरुषोत्तम खांबेटे खुर्चीवरून उठला.

"कुठे?" शेजारी बसलेल्या ऋचाने मोबाइलमधून मान वर न काढता विचारलं.

"चिप्स आणतो."

"आहेत." तिने मांडीवरचा पुडा त्याच्यापुढे धरला.

"मग कॉफी."

"बाबा, बस ना. प्लीज."

पुरुषोत्तम बसला, पण एसटीत दोघांच्या बाकावर तिसरा प्रवासी बसतो तसा, अर्धाच. त्याचं सगळं लक्ष समोरच्या गुणफलकाकडे होतं. हिरवा-पांढरा संघ चांगला आघाडीवर होता, आणि हीच त्याची काळजी होती.

मेलबर्नचे दोन संघ आपला सामना खेळायला वेलिंग्टनला आले होते. न्यूझीलंड म्हणजे रग्बीचा देश. इथे ऑस्ट्रेलियन फुटबॉल बघायला येणार कोण? पण शनिवारची दुपार होती, वारा त्या गावच्या मानाने माणसात होता, आणि स्टेडियम अर्ध्याहून जास्त भरलं होतं. खेळ तसा सोपा आहे. मैदान क्रिकेटसारखं गोल, चेंडू लांबट, आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने चेंडू पाठवला की सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला किंवा खांबाला लागला तर एक. चुकलेल्यालाही काहीतरी हातावर ठेवणारा दुसरा खेळ आपल्याला माहीत नाही, असं पुरुषोत्तम म्हणायचा. या खेळावर त्याचा जीव जडला होता, पण त्याचं कारण निराळं होतं, आणि ते सांगायचं तर ठाण्यापर्यंत मागे जावं लागतं.

नौपाड्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत सगळी बिऱ्हाडं क्रिकेट बघायला जमायची. पुरुषोत्तम तेव्हा शाळेत होता. एकदा पाणी पिऊन तो परत दारात येऊन उभा राहिला आणि चांगला जमलेला फलंदाज बाद झाला. पुढच्या सामन्यातही तेच. तेव्हा थोरला भाऊ चारुदत्त म्हणाला, "पुऱ्या, तू गॅलरीत जा बरं." पुऱ्या गॅलरीत गेला आणि भारत जिंकला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, पण ठपका कायमचा कावळ्यावर आला.

त्यानंतर सामना रंगात आला की पुरुषोत्तमची रवानगी गॅलरीत व्हायची. आतल्या आरडाओरड्यावरून धावसंख्या ओळखायला तो शिकला. जिंकल्यावर त्याला आत बोलवायचे आणि चारूदादा पाठीवर थाप मारून म्हणायचा, आज पुऱ्याने जिंकून दिली. सगळ्यांच्यात धाकट्या, कशातच पहिला न येणाऱ्या मुलाला ही थाप हवीहवीशी वाटायची, आणि खरी पंचाईत तीच झाली. थट्टा करणारे विसरून जातात. ज्याची होते त्याला ती पाठ होऊन बसते.

मोठेपणी मग कोणी सांगायची गरज उरली नाही. थोरल्या बहिणीला बघायला पाहुणे आले तेव्हा तो आपणहून कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन बसला. बायकोला, नीलिमाला, बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तेव्हा तो हॉस्पिटलच्या आवारात स्कूटरपाशी उभा होता. ऋचा धडधाकट जन्माला आली, म्हणजे पुन्हा पुरावाच मिळाला. नीलिमाच्या मनात काही वाईट नव्हतं, पण लग्नानंतर चारुदत्तचं खातं तिने आपल्याकडे घेतलं. शेवटची षटकं आली की ती हसत म्हणायची, "अहो, जरा दूध घेऊन येता का?"

पुढे दूध पावडरीच्या कारखान्यातल्या नोकरीने त्याला मेलबर्नला नेलं. तिथल्या एका सहकाऱ्याने त्याला एकदा हा फुटबॉल बघायला नेलं आणि पुरुषोत्तमने हिरवा-पांढरा संघ पाहिला. हा संघ पिढ्यान्‌पिढ्या काही जिंकला नव्हता. त्या दिवशीही तो सपाटून हरला, आणि गंमत म्हणजे कोणीच वळून पुरुषोत्तमकडे बघितलं नाही. शेजारचे म्हातारे लोक सुस्कारा टाकून डबे आवरायला लागले. पुरुषोत्तमने आयुष्यात पहिल्यांदा एक सामना पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून बघितला होता. जो संघ स्वतःच्या हिमतीवर हरतो, त्याला आपला आणखी काय नाट लागणार? इतकी निर्धास्त जागा त्याला दुसरीकडे कुठे मिळाली नव्हती. त्या दिवसापासून तो त्यांचा झाला.

मेलबर्न सुटलं, न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनजवळ 'ते रापा' नावाच्या ठिकाणी डेअरी कारखान्यात नोकरी लागली, तरी शनिवारी तो सोफ्याच्या मधोमध पाय पसरून आपल्या संघाचा पराभव बघायचा. नीलिमा त्याला तुमची बुडती बोट म्हणायची. सगळं सुखात चाललं होतं. आणि यंदा काय झालं कोण जाणे, बोट तरंगायला लागली. हिरवे-पांढरे एकामागून एक सामने जिंकू लागले. पुरुषोत्तमचा आनंद पहिल्या दोन विजयांपुरता टिकला. मग तो सोफ्यामागे उभा राहून बघू लागला, मग स्वयंपाकघराच्या दारातून, आणि मेअखेरीला त्याने शनिवारची दुपार लॉन कापायला राखून ठेवली.

अशात ऋचाचा फोन आला. ती वेलिंग्टनला फिजिओथेरपिस्ट होती. तुझी टीम येतेय, मी दोन तिकिटं काढलीत, असं तिने सांगितलं. येत्या गुरुवारी ती लंडनला जाणार होती. इथली सगळीच तरुण मुलं जातात तशी, दोन वर्षांसाठी. दोनाची किती होतात ते पुरुषोत्तमला ठाऊक होतं. तो स्वतः मेलबर्नला तीन वर्षांसाठी गेला होता. आपली एकुलती एक मुलगी परत येणार नाही, अशी त्याला भीती वाटत होती. ती त्याने नीलिमालाही बोलून दाखवली नव्हती. दोघं शुक्रवारी वेलिंग्टनला आली. नीलिमा आत्ता ऋचाच्या फ्लॅटवर खोकी भरत बसली होती. ती धक्काबुक्की मला बघवत नाही, म्हणाली, तुम्ही बापलेक जा.

आणि आता हे असं झालं होतं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तो चिप्स आणायला गेला तेवढ्यात हिरव्या-पांढऱ्यांनी लागोपाठ दोन गोल मारले होते. रांगेत उभं राहून त्याने ते कानांनी बघितले. याहून आणखी काय पुरावा हवा?

शेवटचा क्वार्टर सुरू झाला आणि पुरुषोत्तमच्या डोळ्यांदेखत आघाडी वितळायला लागली. समोरच्यांनी एक गोल केला, मग आणखी एक. हिरव्या-पांढऱ्यांचा चेंडू मात्र दर वेळी बाजूच्या फटीतून जात होता. त्याच्या डाव्या हाताला मेलबर्नहून खास आलेल्या, हिरवी टोपी घातलेल्या एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "हिअर वी गो अगेन, लव्ह." त्या लहानपणापासून याच संघाच्या मागे होत्या म्हणे. पुरुषोत्तमला त्यांची माफी मागावीशी वाटली. एवढ्या लांबून विमानाने आल्या, आणि शेजारी कोण बसलंय त्याची त्यांना कल्पनाच नव्हती.

पाहता पाहता समोरचा संघ दोन गुणांनी पुढे गेला. वेळ थोडाच उरला होता. पुरुषोत्तमने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि तो उभा राहिला.

"ऋचा, मी जरा पाय मोकळे करून येतो."

ऋचाने मोबाइल खिशात टाकला. हे ती आज पहिल्यांदा बघत नव्हती. शाळेत असताना तिचा संघ नेटबॉलच्या अंतिम सामन्यात पोहोचला होता, तेव्हा पुरुषोत्तम हॅमिल्टनहून ऑकलंडपर्यंत गाडी चालवत गेला, आणि पूर्ण सामनाभर पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिला. त्या जिंकल्या. ऋचा पदक गळ्यात घालून बाकांवर बापाला शोधत होती, तेव्हा तो बाहेरून धावत आला आणि म्हणाला, बघ, मी आत आलो नाही म्हणून. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की तिने काही म्हटलं नव्हतं. घरी येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. दमली असेल, असं पुरुषोत्तमला वाटलं होतं.

मराठी तिला सगळं समजायचं, पण उत्तर ती इंग्रजीत द्यायची. आत्ता मात्र एकेक शब्द जागेवर ठेवत ती मराठीत बोलली.

"गुरुवारी एअरपोर्टवर पण तू गाडीतच बसणार आहेस का?"

 खरं म्हणजे पुरुषोत्तमने तसंच ठरवलं होतं. नीलिमा आत जाईल, मी पार्किंगमध्ये थांबतो, म्हणजे मुलीचं सगळं नीट होईल, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. ते हिला कसं कळलं, हेच त्याला कळेना.

"अगं, तुझ्या भल्यासाठीच..." तो म्हणाला.

"ते मला माहितीये," ऋचा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मला तू बसलेला पाहिजेस."

मागचे लोक खाली बसा म्हणून खुणावायला लागले होते. खाली मैदानात चेंडू हिरव्या-पांढऱ्यांच्या हाती आला होता. ठाण्याच्या गॅलरीपासून आजपर्यंतचं त्याचं सगळं शरीर त्याला जिन्याकडे ओढत होतं. पुरुषोत्तम खुर्चीवर बसला. या वेळी पुरता, पाठ टेकून. ऋचाने त्याच्या कोपरातून हात घातला.

चेंडू उंच उडाला. तिघं-चौघं एकाच वेळी त्यावर झेपावले, आणि सर्वांच्या डोक्यावरून एका हिरव्या-पांढऱ्या पोराने तो झेलला. पुढच्याच क्षणी शेवटचा भोंगा वाजला. या खेळात झेल घेणाऱ्याला निवांत, कोणी न अडवता लाथ मारायला मिळते, आणि झेल भोंग्याआधीचा असेल तर भोंग्यानंतरही. सामना संपला होता आणि एक लाथ उरली होती. सहा गुण मिळाले तर विजय.

पुरुषोत्तमने डोळे मिटले नाहीत. मिटावेत असं फार वाटलं. पण त्याने बघितलं. पोरगा चार पावलं धावला. लाथ सरळ बसली. चेंडू उंच गेला, मधोमध निघाला, आणि मग वाऱ्याने त्याला अगदी थोडं बाजूला केलं. उंच खांबाला लागल्याचा टण्‌ असा आवाज वरपर्यंत आला. एक गुण. एका गुणाने हार.

पलीकडच्या अंगाला जल्लोष उसळला. पुरुषोत्तमच्या भोवती मात्र सगळं शांत झालं. हिरव्या टोपीच्या बाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी उठायला हवं होतं," पुरुषोत्तम म्हणाला.

असं काही नसतं, हे सगळं खुळ्यासारखं आहे, असं ऋचा म्हणेल असं त्याला वाटलं. आजवर सगळे शहाणे लोक त्याला तेच सांगत आले होते आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता.

"उठला असतास तर जिंकले असते कदाचित," ऋचा म्हणाली. "पण मग हे मी एकटीने बघितलं असतं."

तिने त्याच्या कोपरातला हात काढला नाही. 

खाली तो पोरगा खांबासमोर गवतावर बसून राहिला होता, गुडघ्यांत डोकं घालून. विशी-बाविशीचा असेल. एवढा मोठा सामना त्याच्या पायातून निसटला होता, आणि हे कोणाच्या पायगुणाने झालं नव्हतं, त्याच्याच पायाने झालं होतं. पुरुषोत्तमचा जीव कासावीस झाला. आता याला काय काय ऐकून घ्यावं लागेल, हे त्याच्याइतकं त्या स्टेडियममध्ये कोणाला माहीत होतं?

मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून एक हिरवा-पांढरा खेळाडू चालत आला आणि त्याच्या शेजारी गवतावर बसला. मग दुसरा आला. मग सगळेच आले. कोणी त्याच्या केसांतून हात फिरवला, कोणी पाण्याची बाटली पुढे केली, आणि थोड्या वेळाने दोघांनी बगलेत हात घालून त्याला उभं केलं. त्याला मधे घेऊन सगळा संघ आत जायला निघाला.

हिरव्या टोपीच्या बाई टाळ्या वाजवायला लागल्या. मागून आणखी कोणी, मग सगळ्या बाकांवरून. पुरुषोत्तम उठून उभा राहिला. ऋचाने झटकन त्याच्याकडे मान वळवली, पण तो जिन्याकडे निघाला नव्हता. तो पोरगा दिसेनासा होईपर्यंत पुरुषोत्तम जागेवर उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि मग पुन्हा मुलीशेजारी खाली बसला.