शेपटीतली पांढरी कडी

पाहुणी तीन दिवस आली नव्हती, आणि चित्रकारबाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

पाहुणी म्हणजे एक मुंगूस. नाव भावजयीने ठेवलेलं, कारण ही रोज सकाळी साडेसातला मागच्या भिंतीच्या भोकातून यायची, ठेवलेलं अंडं फोडून खायची आणि मागे वळूनही न बघता चालती व्हायची. बारा दिवसांपूर्वी तिने कामाच्या खोलीत, जमिनीच्या फळ्यांखाली पिल्लं घातली. तेव्हापासून बाई खोलीत पाऊलसुद्धा जपून टाकत. "माझ्या बाळंतपणात एवढं कौतुक झालं नव्हतं, ताई," भावजय म्हणायची, आणि स्वतःच त्यातल्या त्यात मोठं अंडं निवडून ठेवायची.

आता फळ्यांखालून पिल्लांची चिरचिर येत होती. पहिल्या दिवशी कान किटतील अशी, दुसऱ्या दिवशी थांबत थांबत, आणि आज जमिनीला कान लावला तरच. माणसाचा हात लागला तर आई पिल्लं टाकून देते, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्या वाट बघत बसल्या. वाट बघण्यातच सगळा घोटाळा झाला. तिसऱ्या दिवशी धीर सुटला तेव्हा दोघींनी मिळून फळी उचकटली. खाली तीन पिल्लं होती. त्यातलं एक गार पडलं होतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, कोमट दूध, थेंबाथेंबाने, घाई करू नका, छातीत गेलं तर संपलं. सांगणं सोपं होतं. ड्रॉपरचं टोक पिल्लांच्या तोंडात मावेना. कापसाची वात लावली तर दोन्ही पिल्लं मान फिरवत. दुधाचे थेंब हनुवटीवरून ओघळून फडक्यात जिरत होते आणि भावजय पुन्हा पुन्हा दूध कोमट करून आणत होती. काही करा पण ही जगू देत, असं बाई कोणाला म्हणत होत्या कोण जाणे.

एवढ्यात दार वाजलं. ब्रशवाला आला होता, नेहमीचा पत्र्याचा डबा घेऊन.

बाईंचं नाव होतं ते चित्रातल्या केसांच्या कामासाठी. तीस वर्षं त्या पुस्तकांसाठी, शाळेच्या तक्त्यांसाठी जंगली प्राणी रंगवत होत्या, आणि त्यांच्या चित्रातल्या प्राण्याच्या अंगावरून हात फिरवावासा वाटे. त्याला लागणारा ब्रश हा एकच माणूस करायचा. केस कशाचे, असं बाईंनी वीस वर्षांपूर्वी एकदा विचारलं होतं. "गळालेले असतात, बाई. पिंजऱ्यातल्या जनावरांचे," तो म्हणाला होता. गळालेला केस कसा दिसतो, हे बाईंहून कोणाला जास्त कळणार? पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

गेल्या महिन्यात तो आला तेव्हा बाईंनी त्याला कौतुकाने भिंतीवरची पाहुणीची चित्रं दाखवली होती. बारा कागद, आणि सवयीप्रमाणे प्रत्येकाखाली वेळ आणि वाट: साडेसात, भिंतीचं भोक, टाकीमागून. शेपटीवर जुन्या जखमेच्या जागी पांढऱ्या केसांची बोटभर कडी होती, तीही हुबेहूब. तो बराच वेळ बघत राहिला. "शेपूट जातिवंत आहे, बाई," म्हणाला. बाईंना ती चित्राची तारीफ वाटली. हरखून त्यांनी त्याला दोनदा चहा पाजला.

"मुंगसाच्या चित्रासाठी खास केलाय," दारातच त्याने कागदाची गुंडाळी पुढे केली. "ताजा केस आहे. धुवायचा राहिलाय, पण म्हटलं, तुमचं काम अडायला नको."

बाईंनी ब्रश खिडकीशी नेला. राखाडी केस, प्रत्येकावर काळा पट्टा, नेहमीसारखेच. मधोमध दहा-बारा केस मात्र मुळापासून टोकापर्यंत पांढरे. त्यांनी खिडकीची चौकट धरली.

"कुठून आणलेत हे?"

"तुम्हीच तर लिहून ठेवलं होतं, बाई. वेळ, वाट, सगळं. फासे लावणाऱ्याला शोधावंसुद्धा लागलं नाही." त्याच्या बोलण्यात काही काळंबेरं नव्हतं.

"तिला पिल्लं होती."

तो हळूच म्हणाला, "सगळ्यांनाच असतात, बाई." डबा बंद करताना त्याने वर पाहिलं नाही. "एकदाच विचारलंत तुम्ही. मी काहीतरी सांगितलं, तुम्ही मान डोलावलीत. मला वाटलं, तुम्हाला कळलंय."

त्याच्या थोबाडीत मारावी असं बाईंना वाटलं. पण कोणत्या तोंडाने हात उचलणार? मागे मेजावरच्या बरणीत झिजलेले चाळीसेक ब्रश उभे होते, आणि ते सगळे त्यांनीच झिजवले होते. ब्रशवाला निघून गेला तरी त्या तिथेच उभ्या होत्या.

"ताई, लवकर या. दुसरंही गेलं," आतून भावजयीचा आवाज आला.

फडक्यात आता एकच पिल्लू होतं. बाई त्याच्यापाशी जमिनीवर बसल्या, मुठीत ब्रश तसाच.

"अहो, ह्यानेच पाजून बघा ना," भावजय म्हणाली. "किती बारीक टोक आहे."

बाईंनी मुठीतल्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. दुसरा उपाय उरला नव्हता. त्यांनी ब्रश दुधात बुडवून पिल्लाच्या नाकाशी धरला.

पिल्लाचं नाक हललं. सकाळपासून सगळ्याला नको म्हणणारी मान वर झाली. त्याने पुढच्या दोन्ही पंजांनी केस कवटाळले, तोंडात घेतले आणि आईचं पोट दाबावं तसे पंजांनी दाबत चोखू लागलं.

"धरलं की हो," भावजय रडता रडता हसली. "कापूस चालेना, आणि हे बघा. एवढं काय आहे त्या ब्रशात?"

दर वेळी केस कोरडे पडत आणि ब्रश पुन्हा बुडवावा लागे. बुडवायचा तर पिल्लाच्या पंजांतून तो ओढून घ्यावा लागे, आणि ओढला की पिल्लू रडे. बाई ओढत होत्या, बुडवत होत्या आणि परत देत होत्या.