परदेशी हवा

मित्रांनो, मी एक जुना टेबलफॅन आहे, आणि दोन देशांमधला एक मोठा व्यापार करार माझ्यामुळे मार्गी लागला. जरा वाढवून सांगितलं. मी फक्त मान हलवली.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. औषधांचं दुकान चालवणाऱ्या एका बाईंच्या भाच्याने मला कपड्यांत गुंडाळून सामानातून आणलं. पुढे बाईंनी दुकान मुलाकडे सोपवलं आणि जिन्याखालच्या खोलीत रुग्णांची संस्था काढली, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर आलो. माझ्या पाठीवर एक खुंटी आहे. ती दाबली की मी डावीकडे-उजवीकडे मान फिरवतो; वर ओढली की मुकाट समोर बघतो. ती कायम दाबलेलीच असे. म्हणून बाईंच्या धाकट्या जाऊबाई मला 'नन्ना' म्हणत. "काहीही विचारा, याचं आपलं नाहीच!"

जाऊबाई रोज एक गोळी घेत. ती चुकली की हात असे थरथरत, की कपसुद्धा धरवत नसे. आणि दोन देशांत घाटत असलेल्या त्या करारात कलम होतं, की अशा गोळ्या यापुढे स्वस्तात बनवायच्या नाहीत. बाई ते कलम लोकांना सोपं करून सांगत. सरकारी समितीनेही त्यांना म्हणणं मांडायला बोलावलं. त्या दिवसांत माझा काय रुबाब! खोली गच्च भरे आणि जो तो माझ्यासमोरची जागा धरे.

मग एक गोडबोल्या तरुण आला. अभ्यास करतोय म्हणाला. त्याचा अभ्यास औषध कंपन्यांच्या संघटनेच्या पगारावर चालला होता, हे मागाहून कळलं.

"पंखा इथला दिसत नाही," तो माझं लेबल वाचत म्हणाला.

"छे हो! आमची सगळी हवा परदेशातूनच येते," बाई हसत म्हणाल्या.

आठवड्याभरात माझा फोटो सगळीकडे छापून आला. खाली मथळा: 'आमची सगळी हवा परदेशातूनच! संस्थाप्रमुखांची कबुली.' मित्रांनो, त्या बातमीत मी संस्थेला मिळणारा परदेशी निधी झालो होतो. छापवून घेणाऱ्या कंपन्याही परदेशीच होत्या. पण त्यांच्याकडची हवा भिंतीतल्या एसीतून येते, तिचं लेबल दिसत नाही.

सभासद जमले. शिंपीकाका उठले. "बाई, बाहेरून पैसा घेतलात का?"

मी मान हलवली. नाही. जन्मात पहिल्यांदा माझं उत्तर अचूक आलं होतं.

"मग आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवायचा ना?"

मला थांबता येईना. नाही, नाही.

कोणीतरी फिस्सकन हसलं. "अहो, नन्नासुद्धा नाही म्हणतोय!" मग सगळेच हसले आणि हसत हसत उठून गेले. बाई "अहो, ऐका तरी!" म्हणत दारापर्यंत त्यांच्यामागे गेल्या. समितीचा निरोप आला, "वाद मिटल्यावर या." वाद मिटायच्या आत करार झाला.

आता गोळी महागली, म्हणून जाऊबाई ती मोडून अर्धी घेतात आणि कप दोन्ही हातांनी धरतात. परवा बाई त्यांना म्हणाल्या, "त्या दिवशी माझीच जीभ घसरली ना गं?"

मी मान हलवली.

"बघा ताई," जाऊबाई म्हणाल्या, "तोही नाहीच म्हणतोय."

मित्रांनो, कोणाच्या थट्टेचा मथळा झालेला दिसला, तर ती थट्टा आधी पुरती ऐकून घ्या. बाकी मोठ्यांच्या करारांचं तुमच्या-माझ्या हातात काय आहे? फक्त पुढच्या वेळी माझ्यासमोर कोणाला जाब विचारायचा झाला, तर आधी पाठीवरची ती खुंटी तेवढी वर ओढा.