सेल्फ-टॉट अबोली

नाहूरच्या आमच्या महिला मंडळाने यंदा 'सेल्फ-टॉट' उद्योजिकेला बक्षीस म्हणून नवं शिलाई मशीन ठेवलं होतं. अबोलीने लगेच फॉर्म भरला. तिचे ब्लाउज झकास, पण मशीन सासूचं, म्हणजे सासू उठली की हिने बसायचं. नवं मशीन मिळालं तर धंदा वेगळा मांडता आला असता.

मुलाखतीला सासू रुक्मिणीबाईही बरोबर आल्या. का, ते विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

परीक्षक शरच्चंद्र सर, इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. माणूस भेटला की गाव विचारावं, तसं ते शब्दाचं मूळ विचारतात.

"कोणी शिकवलं तुला?"

"कोणीच नाही, सर. या सासूबाईंनी सात वर्षांत एक शब्द सांगितला नाही. मी नुसतं बघायचे."

सर खुलले. "सेल्फ म्हणजे स्वतः, टॉट म्हणजे शिकवलेला. पण गंमत बघ, टॉट आला टीचवरून, आणि टीचचा जुन्या इंग्रजीत अर्थ होता दाखवणं. सांगणं नव्हे! मग तुला कोणी दाखवलं?"

बाकीच्या बायका घड्याळं बघत होत्या. अबोली सासूकडे वळली.

"आई, मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही सकाळी कापायला बसायचात ना?"

"हो."

"मग दुपारी का बसायला लागलात? तेव्हा खिडकीत उजेडही नसतो."

"सकाळी तू डबे करायचीस. तुला काय दिसणार होतं, पोळपाट?"

"मग तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

"ऐकलं असतंस? सून ना तू!"

अबोलीने फॉर्म मागून घेतला आणि 'सेल्फ'वर काट मारली. अध्यक्ष निधीताई कुजबुजल्या, "वेडी आहेस का गं? मशीन जाईल."

गेलंच. ते गार्गीला मिळालं; ती मोबाइलवर बघून भरतकाम शिकलेली. मोबाइलही दाखवतोच की, असं सर म्हणू लागले, तेव्हा निधीताईंनी त्यांच्या हातात चहा दिला.

जिना उतरताना रुक्मिणीबाई कडाडल्या, "माझं नाव कशाला मध्ये आणलंस? हातातलं मशीन घालवलंस ना!"

शेवटच्या पायरीवर त्या थांबल्या.

"उद्यापासून सकाळी मशीनवर तू बस. डबे मी करते."

आता अबोलीच्या नवऱ्याच्या, मुकुलच्या डब्यात पोळ्या जाड असतात. तो रोज तक्रार करतो. दोघींपैकी एकही ऐकत नाही.